चष्मेवाल्यांच्या बायकोचं वाचन

चष्मेवाल्यांचं दुकान चौकातल्या औषधांच्या दुकानाला लागून होतं आणि तिथे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चष्म्याबरोबर एक भाषण फुकट मिळायचं. विषय ठरलेला होता : मोबाइल. माणूस हनुवटी टेकवून तक्त्यावरची अक्षरं वाचायला लागला, की चष्मेवाले एकेक भिंग बदलत जायचे आणि प्रत्येक भिंगागणिक एकेक मुद्दा मांडत जायचे. मोबाइलचा पडदा केवढा, त्यातलं अक्षर केवढं, माणूस तो धरतो कुठे, आणि निसर्गाने डोळे दिले कशासाठी. गिऱ्हाईक बिचारं हलू शकत नसे. सगळ्यात शेवटी, चष्म्याची काडी कानामागे नीट बसवताना, चष्मेवाले हळूच म्हणायचे, "वाचायचं असेल तर वाचण्यासारखं काहीतरी हातात धरा."

त्या दिवशी चष्मेवाल्यांच्या घरासमोरच्या इमारतीतल्या एक बाई आपल्या कॉलेजातल्या लेकीला घेऊन आल्या होत्या. लेकीचा नंबर वाढला होता. चष्मेवाल्यांना अशा वेळी वाईट वाटायचं, पण त्या वाईट वाटण्यात थोडा उत्साहही असायचा. त्यांनी सगळे मुद्दे मांडले. मुलगी मान खाली घालून ऐकत होती. आई मात्र ऐकता ऐकता अस्वस्थ व्हायला लागली.

"तुमचं पटतं हो," ती शेवटी म्हणाली, "पण तुमच्या मिसेसना नाही का त्रास होत? नाही म्हणजे, आमच्या खिडकीतून दिसतं. रोज दुपारी मोबाइल नाकाशी धरून बसलेल्या असतात. अगदी हलतसुद्धा नाहीत. मी तर मागे आमच्या ह्यांना म्हटलंसुद्धा, चष्मेवाल्यांच्या घरी चालतं म्हणजे आपल्यालाही चालत असेल."

लेकीने मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदाच चष्म्याच्या दुकानात तिला बरं वाटत होतं.

चष्मेवाल्यांनी काय उत्तर दिलं ते त्यांना नंतर आठवलं नाही. फ्रेमचा स्क्रू पिळताना तो जरा जास्तच पिळला गेला, एवढं मात्र आठवत होतं. हलवायाच्या घरच्यांनी दुसऱ्या दुकानातून मिठाई आणली तर त्याला जसं वाटेल, तसं काहीतरी त्यांना वाटत होतं. किंबहुना त्याहूनही वाईट, कारण हलवाई निदान गिऱ्हाइकांना भाषणं तरी देत नाही.

संध्याकाळी घरी आले तेव्हा बायको स्वयंपाकघरात शेंगा निवडत होती. ती सकाळी बालवाडीत शिकवायची आणि दुपारी घरी असायची. चष्मेवाल्यांनी चपला काढल्या, हात धुतले आणि तपासाला सुरुवात केली.

"दुपारी काय करतेस गं तू?"

"वाचते."

"मोबाइलवर?"

"हो. कादंबरी आहे. एका गलबतावरच्या स्वयंपाकिणीची. फार छान आहे. तो कप्तान तिला काही बोलतच नाही आणि बंदरामागून बंदरं जातायत."

"अगं, पण डोळे!"

"डोळे माझे आहेत," बायको म्हणाली. "आणि नंबर वाढला तर दुकान घरचंच आहे."

"मी तुला कागदाचं पुस्तक आणून देतो. ह्याच स्वयंपाकिणीचं."

"एवढं जाडजूड? धरू कशी मी ते?" एवढं बोलून ती त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिली, जणू काही आणखी सांगणार होती. मग तिने शेंगांचं ताट पुढे ओढलं.

चष्मेवाले ते बघणं विसरले. त्यांच्या डोक्यात तोवर दुसरीच चक्रं सुरू झाली होती.

पुस्तकं वाचण्यासाठी म्हणून रीडर नावाचं एक खास यंत्र मिळतं, डोळ्यांना न टोचणारं, अगदी कागदासारखं दिसणारं, हे त्यांनी ऐकलं होतं. ते घ्यायचं ठरवून त्यांनी एक चूक केली : जिन्यात भेटलेल्या मॅनेजरसाहेबांना ते सांगितलं. मॅनेजरसाहेब तळमजल्यावर राहायचे आणि बँकेतून निवृत्त झाल्यापासून इमारतीतल्या प्रत्येक खरेदीचं कर्ज आपणच मंजूर करणार असल्यासारखे वागायचे.

"घाई करू नका," ते म्हणाले. "आधी मला सांगा, हे यंत्र वाचण्याशिवाय आणखी काय करतं?"

"काही नाही. फक्त वाचता येतं."

"फोन येतो?"

"नाही."

"फोटो?"

"नाही."

"हवामान तरी?"

"नाही हो."

मॅनेजरसाहेबांनी दीर्घ श्वास घेतला. "म्हणजे जो मोबाइल सगळं करतो तो तुम्ही बाजूला ठेवणार, आणि जे यंत्र काहीच करत नाही त्याला पैसे देणार. तुमचा निर्णय आहे, मी कोण बोलणार?" असं म्हणून ते पुढे बराच वेळ बोलले. मोठ्या पडद्याचं घ्या म्हणाले, अक्षर मोठं दिसतं. मग म्हणाले, मोठं घेऊ नका, पडलं तर मोठंच फुटतं. दिवा असलेलं घ्या. पण दिव्याला बॅटरी लागते, तेव्हा दिवा नसलेलंच बरं. तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई वर जाता जाता थांबल्या आणि म्हणाल्या, काहीही घ्या, पण कव्हर माझ्याकडून शिवून घ्या, आतून मऊ अस्तर लावून देते. त्या दोघांत कव्हराच्या रंगावरून मतभेद झाले. चष्मेवाले निघून गेले तरी जिन्यात चर्चा चालूच होती.

रीडर मागवला गेला, तो परदेशातून निघाला आणि शहराच्या पार्सल ऑफिसात येऊन अडकला. चष्मेवाले दुकान बंद करून तिकडे गेले. खिडकीमागे एक साहेब बसले होते. चष्मा नाकावरून घसरत असल्यामुळे ते प्रत्येक कागदाकडे हनुवटी वर करून बघायचे, आणि त्यामुळे समोरच्या माणसाला आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटायचं.

"काय आहे यात?"

"पुस्तकं वाचायचं यंत्र."

"म्हणजे पुस्तक की यंत्र?"

"यंत्रच. पण पुस्तकांसाठी."

"पुस्तकांना कर नाही, यंत्राला आहे. एक काय ते सांगा. आत पुस्तकं आहेत का?"

चष्मेवाले खरं बोलणारे होते. "अजून नाहीत. घरी गेल्यावर येतील."

"कुठून येतील?"

"तशी... हवेतून."

साहेबांनी हनुवटी आणखी वर केली. "पहिल्या मजल्यावर जा. दळणवळणाची साधनं तिकडे बघतात."

पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, यातून कुणाशी बोलता येतं का. चष्मेवाले म्हणाले, नाही, हेच तर याचं वैशिष्ट्य आहे. मग हे दळणवळण कसलं, असं म्हणून त्यांनी परत खाली पाठवलं. खालच्या साहेबांनी खोकं उघडून दाखवायला सांगितलं. आत राखाडी, चपटी, मुकी अशी एक पाटी होती. बटण दाबलं तरी ती मुकीच राहिली, कारण बॅटरी संपली होती. साहेबांनी ती उलटी करून पाहिली, हलवून पाहिली, कानाशी धरली. त्या गडबडीत त्यांचा चष्मा घसरला आणि टेबलावर पडला.

एरवी अपमानाने चष्मेवाल्यांचे कान लाल झाले असते. पण समोर वाकडी फ्रेम दिसली की त्यांना दुसरं काही सुचत नसे. त्यांनी खिशातून बारीक पेचकस काढला, चष्मा उचलला, दोन्ही काड्या सारख्या केल्या, नाकावरच्या गाद्या चिमटीत धरून जरा आत वळवल्या आणि खिडकीतून हात घालून तो साहेबांच्या नाकावर नीट बसवून दिला. साहेबांनी हनुवटी खाली केली. चष्मा जागचा हलला नाही. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच ते समोरच्या माणसाकडे माणसासारखे बघत होते.

"रीतसर काय कर होतो तो भरा आणि घेऊन जा," ते मऊ आवाजात म्हणाले. "आणि कशासाठी घेताय एवढी यातायात करून?"

"बायकोला वाचायला आवडतं," चष्मेवाले म्हणाले, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून जरा लाजले.

रविवारी सकाळी बायको बाजारात गेलेली पाहून त्यांनी काम उरकायचं ठरवलं. रीडर चार्ज केला. त्यात बायकोचं मोबाइलवरचंच खातं उघडायला पासवर्ड हवा होता. तो बाहेरच्या खोलीत आरामात बसलेल्या त्यांच्या आईला ठाऊक निघाला, कारण आईच्याच वाढदिवसाची तारीख होती. कादंबरी हवेतून आली. चष्मेवाल्यांना धन्य वाटलं. अक्षर खरोखरच कागदावर छापल्यासारखं दिसत होतं. त्यांनी मोठं केलं, लहान केलं, ओळींमधलं अंतर मनातल्या मनात दुकानातल्या तक्त्याशी ताडून पाहिलं. मग पानं नीट उलटतात की नाही हे बघायला हवं होतं. माल तपासल्याशिवाय हातात द्यायचा नाही, ही धंद्यातली सवय. ते पानं उलटत गेले. उलटत उलटत थेट शेवटच्या पानापर्यंत गेले. यंत्र एकदाही अडलं नाही. ते पुन्हा पहिल्या पानावर आले, यंत्र खोक्यात ठेवलं, वर शिवणकामवाल्या बाईंनी शिवलेलं निळं कव्हर ठेवलं आणि बायकोची वाट बघत बसले.

बायको आली, पण ती खोक्यापर्यंत पोचलीच नाही. पिशवी खाली ठेवून ती दारातच पाण्याचा ग्लास घेऊन टेकली आणि सवयीने मोबाइल उघडला. मोबाइलने तिला विचारलं, या पुस्तकात तुम्ही दुसरीकडे बरंच पुढे गेला आहात, तिथे जायचं का? मोबाइल काहीतरी विचारतो आणि आपण हो म्हणतो, एवढाच त्या दोघांचा आजवरचा संवाद होता. तिने हो म्हटलं.

"अहो," थोड्या वेळाने तिचा आवाज आला. तो आवाज चष्मेवाल्यांच्या ओळखीचा नव्हता. "कप्तान बुडाला."

"कोण कप्तान?"

"माझा कप्तान. शेवटच्या पानावर ती त्याच्या टोपीत झाड लावतेय."

चष्मेवाल्यांनी समजावण्याचा प्रयत्न केला. खोकं पुढे केलं, कव्हर दाखवलं, पानं कशी झरझर उलटतात तेही उत्साहाच्या भरात दाखवायला गेले, आणि ते करायला नको होतं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी महिनाभर त्यांच्याबरोबर होते हो," ती म्हणाली. "रोज दोन पानं, कधी चार. मी मुद्दाम सावकाश वाचत होते."

बाहेरून आईने विचारलं, "कोण गेलं गं?"

"एक ओळखीचे होते, आई," बायको म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. बायको अबोल नव्हती. सगळं वेळेवर विचारायची, वेळेवर वाढायची. पण रीडर कपाटात, कव्हराच्या आत, मऊ अस्तरात पडून होता. आणि समोरच्या इमारतीतल्या बाई चष्म्याची काच पुसून घ्यायला आल्या तेव्हा काही न विचारता सांगून गेल्या, की मोबाइल चालू आहे हो अजून. चष्मेवाल्यांना राग आला. रागापेक्षा जास्त त्यांना लागलं. एवढं पार्सल ऑफिसचे जिने चढलो, मॅनेजरसाहेबांचं ऐकून घेतलं, आणि हिचा आपला हट्ट! बरं, चूक झाली, मान्य. पण म्हणून डोळ्यांचं वाटोळं करायचं? भाषण द्यायलाही त्यांची आता जीभ रेटेना. गिऱ्हाइकं शांतपणे चष्मा करून जाऊ लागली आणि काहींनी तब्येत बरी आहे ना असंही विचारलं.

एके दुपारी बाजारातली वीज गेली आणि संध्याकाळपर्यंत येणार नाही असं कळलं. चष्मेवाल्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि ते घरी निघाले. मनात थोडं असंही होतं, की हिला रंगेहाथ धरू, समोरासमोर बोलू. त्यांनी आवाज न करता कुलूप उघडलं.

घर शांत होतं. आईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. दुपारी जेवल्यावर आई झोपायची. न्हाणीघरात पाय घसरून पडल्यावर आणि इस्पितळातून घरी आल्यावर तिची तब्येत तोळामासा झाली होती, पण दुपारची झोप मात्र गाढ. "आमच्या आईला झोपेचा काही त्रास नाही," असं चष्मेवाले येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे.

त्यांनी दार जरासं ढकललं.

आई कुशीवर झोपली होती. पलंगाशेजारी खिडकीपाशी, बालवाडीतल्या मुलांना असतं तसलं एक बुटकं स्टूल होतं आणि त्यावर बायको बसली होती. तिचा डावा हात आईच्या दोन्ही हातांत होता. नुसता हातात हात नव्हे. आईने तो मनगटापासून घट्ट धरून छातीशी घेतला होता, जिन्यात कठडा धरावा तसा. बायकोच्या उजव्या हातात मोबाइल होता. पान संपलं की ती अंगठा जरासा हलवायची. बाकी काही हलत नव्हतं.

तिने वर पाहिलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, बोलू नका.

चष्मेवाले तिथेच जमिनीवर बसले. ते अगदी हळू म्हणाले, "रोज?"

"घरी आणल्यापासून," बायको कुजबुजली. "डोळा लागला की त्यांना पडल्यासारखं होतं. दचकून उठतात. हात धरला की मग नाही होत."

"मला नाही सांगितलंस."

"त्यांनीच सांगितलं नको म्हणून. म्हणाल्या, त्याला कळलं तर दुकान टाकून बसेल." मग ती किंचित हसली. "आणि एका हातात मोबाइलच मावतो. तुमचा रीडर छान आहे हो. मी दोन दिवस दुपारी वापरून बघितला. पण तो धरून त्याच हाताने पान उलटायला गेले की घसरतो. एकदा आईंच्या कपाळावरच पडणार होता."

चष्मेवाल्यांना एकदम ते शेंगांचं ताट आठवलं, आणि तिचं ते बघणं. त्यांना काहीतरी मोठं बोलावंसं वाटलं. पण आई झोपली होती, आणि तसंही त्यांना भिंगांपलीकडचं बोलता येत नसे. त्यांनी नुसता बायकोच्या पायावर हात ठेवला. पायाला मुंग्या आलेल्या असाव्यात, कारण ती दचकली.

ज्यांना मोठं बोलता येत नाही ते लोक काहीतरी बनवायला घेतात. चष्मेवाल्यांनी दुकानातल्या जुन्या काड्या, तारा आणि नाकावरच्या गाद्या वापरून रीडरसाठी एक स्टँड बनवला. मॅनेजरसाहेब तो बघायला मुद्दाम वर आले आणि म्हणाले, पाया रुंद हवा. पाया रुंद केला. मग म्हणाले, उंची कमी झाली. उंची वाढवली. पुरा झाल्यावर तो स्टँड एखाद्या आजारी टोळासारखा दिसत होता. पहिल्या दुपारी बायकोने पान उलटायला बोट लावलं, आणि टोळाने गुडघे मोडून रीडरसकट पलंगावर उडी घेतली. आई ओरडत उठली. "काय पडलं? मी पडले का?"

"नाही आई, तुम्ही नाही. हे ह्यांचं पडलं."

आईने तो तारांचा गुंता उचलला, नाकाजवळ नेऊन पाहिला. "हा कुणाचा चष्मा? एवढं मोठं डोकं कुणाचं आहे?"

ह्या प्रश्नाने बायको इतकी हसली की तिला स्टुलावर बसवेना. कितीतरी दिवसांनी ती हसत होती. चष्मेवाले दारात उभे होते. त्यांची मान खाली गेली होती, पण आतून बरं वाटत होतं. आणि तिथेच त्यांना साधी गोष्ट सुचली, जी खरं म्हणजे जमिनीवर बसले होते त्याच दुपारी सुचायला हवी होती.

दुसऱ्या दिवसापासून दुकान दुपारी बंद राहू लागलं. मॅनेजरसाहेब म्हणाले, धंद्याचं नुकसान आहे. चष्मेवाले म्हणाले, आहे. मग मॅनेजरसाहेब शिवणकामवाल्या बाईंना हे सांगायला वर गेले.

पहिल्या दुपारी चष्मेवाले बुटक्या स्टुलावर बसले. गुडघे जवळजवळ कानाला लागले. आईने डोळे मिटून हात पुढे केला, त्यांचा हात धरला आणि लगेच डोळे उघडले.

"हा हात कुणाचा?"

"माझा."

"गार आहे."

"काचा हाताळतो ना दिवसभर."

"दुकान?"

"बंद केलंय."

"मी सांगितलं होतं तिला, तुला सांगू नको म्हणून." "ती कुठे आहे?"

"बाल्कनीत. वाचतेय. दोन्ही हातांनी."

बायकोने जाताना आपला मोबाइल त्यांच्या मांडीवर ठेवला होता. "बसून बसून कंटाळाल," ती म्हणाली होती. "नवीन पुस्तक आहे, दोघांनी बरोबर वाचू. ह्याचा शेवट मलाही माहीत नाही, तुम्हीही बघू नका." चष्मेवाल्यांनी आधी अक्षर मोठं केलं. मग आणखी मोठं केलं. मग इकडेतिकडे बघून मोबाइल उचलला. दोन पानांनंतर त्यांच्या लक्षात आलं, की आपण खिडकीत बसलोय आणि समोरच्या इमारतीतल्या बाई पडदा बाजूला करून इकडेच बघतायत. त्यांनी जरासा विचार केला आणि अंगठ्याने पान उलटलं.

आईचा श्वास संथ झाला. पकड मात्र सुटली नाही. एवढ्याशा हातांत इतकी ताकद असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बाल्कनीतून हसण्याचा आवाज आला. मोकळा, एकट्याचा.

"काय झालं तिला हसायला?" आई डोळे मिटूनच म्हणाली.

"काहीतरी वाचलं असेल. मी अजून तिथवर आलो नाही."

"जा, विचारून ये."

"मग हात सोडावा लागेल तुला."

आईने विचार केला. बाल्कनीतून पुन्हा हसू ऐकू आलं.

"राहू दे," ती म्हणाली आणि हात छातीशी ओढून घेतला. "हसू दे तिला. चहाच्या वेळी सांगेल."